मुंबईत नव्याने महाविद्यालयात आलेल्यांसाठी: अडचण आल्यावर कोणत्या दारी आणि कधी जावे

महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी दर सत्रात एक प्रसंग हमखास घडतो. घामाने मऊ झालेला, चार घड्या घातलेला अर्ज हातात घेऊन एखादा विद्यार्थी रांगेतून पुढे येतो, गजांपाशी वाकून काहीतरी हळू आवाजात विचारतो, आणि आतले लिपिक मान वर न करता भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवून सांगतात की मुदत शुक्रवारीच संपली. त्या विद्यार्थ्याला नंतर बाकावर बसवून विचारले, की अडचण त्याला दीड-दोन महिन्यांपूर्वीच कळली होती असे निघते. मधला सगळा काळ 'सांगू का नको' यात गेलेला असतो. मी मुंबईत वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतो, आणि एवढ्या वर्षांत माझे मत असे झाले आहे की अडचण आपल्याला कळणे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगणे यांच्यामधला काळच पहिल्या वर्षाच्या मुलांचे सर्वाधिक नुकसान करतो. म्हणून पुढच्या पायऱ्या वर्ष ज्या क्रमाने पुढे सरकते त्या क्रमाने लिहिल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कोणाकडे जायचे व केव्हा जायचे हे सांगण्यावर भर दिला आहे.

पहिला पंधरवडा: एक फाइल आणि चार माणसे

प्रवेश पक्का झाल्यावर सर्वप्रथम एक फाइल करावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याची प्रत, आधार, अधिवासाचा दाखला, पालकांच्या उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, शिवाय शुल्काची प्रत्येक पावती, हे सर्व तिच्यात असावे. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवावा. मूळ कागद मागितले गेले तर ते देताना पोच घ्यावी. उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवरून मागता येतो, पण तो मंजूर होतो गावच्या तहसील कार्यालयात, त्यामुळे 'गणपतीला गावी गेलो की काढू' असे ठरवून बसू नये. त्या दिवसांत कार्यालयांना सुट्ट्या असतात आणि शिष्यवृत्तीचे अर्ज थांबत नाहीत.

कागदांनंतर माणसे. तुमच्या तुकडीचे मेंटॉर किंवा वर्गशिक्षक कोण, परीक्षा विभागात पहिल्या वर्षाचे काम कोण पाहते, शिष्यवृत्तीची खिडकी कोणाची, आणि समुपदेशक कोणत्या वारी व कोणत्या खोलीत बसतात, ही चार उत्तरे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हवीत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमणे अपेक्षित आहे, तेव्हा 'आमच्याकडे समुपदेशक आहेत का' हा प्रश्न विचारताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. तुमच्या मजल्यावरच्या शिपाईकाकांशी ओळख ठेवावी हेही सांगून ठेवतो. कोणते शिक्षक कधी निवांत असतात आणि कोणती सूचना आज लागणार आहे, हे माहितीपुस्तिकेत सापडत नाही. त्यांना ठाऊक असते.

याच पंधरवड्यात अभ्यासक्रमाची रचना समजून घ्यावी. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट, म्हणजे विषय उत्तीर्ण झाल्यावर जमा होणारे एकक, मिळवायचे असतात आणि ते मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला निवडीचा विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन), भारतीय ज्ञानप्रणाली अशा कप्प्यांत विभागलेले असतात. मुलांची सगळी धास्ती मेजर विषयांभोवती असते, आणि दोन क्रेडिटचे लहान विषय 'त्यात काय आहे' म्हणून बाजूला पडतात. निकालाच्या दिवशी मात्र अनुत्तीर्णाचा शेरा दोन्हीकडे सारखाच दिसतो. सर्व विषयांची नावे, क्रेडिट, अंतर्गत आणि सत्रान्त गुणांची विभागणी एका कागदावर उतरवून तो कपाटाच्या दाराला चिकटवावा. क्रेडिट ज्या खात्यात जमा होतात त्या शैक्षणिक क्रेडिट बँकेतले, म्हणजे एबीसीतले, आपले नाव आधार आणि गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळते का, हेही आत्ताच पाहावे. वडिलांचे नाव मागेपुढे झाल्याने पुढे खेटे घालावे लागतात.

पहिला महिना: दिवस मोजून पाहणे

मुंबईत वेळापत्रक आखताना घड्याळाच्या आधी लोकल पाहावी लागते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. घर ते स्थानक, गाडीची वाट, प्रवास आणि उतरल्यावरची चाल मिळून जाण्यायेण्यात चार तास सहज जातात. असा विद्यार्थी महाविद्यालयाजवळ राहणाऱ्या मित्राचे वेळापत्रक उचलतो, ते आठवड्याभरात कोलमडते, आणि मग तो स्वतःला आळशी ठरवतो. म्हणून एक आठवडा काहीही न बदलता दर तासाला काय केले एवढेच लिहावे. सोमवार ते शनिवारच्या त्या नोंदीतून आपल्या हातात खरोखर किती वेळ आहे ते दिसते. अनेकांच्या बाबतीत तो कामाच्या दिवशी दोन-अडीच तासांपेक्षा जास्त नसतो, आणि त्यावर बेत आखला तरच तो पाळला जातो.

गर्दीच्या गाडीत उभ्याने वही उघडून वाचणे बहुतेकांना जमत नाही, आणि ते जमवण्याचा हट्टही नको. त्याऐवजी कालच्या तासाला काय शिकवले ते अंधेरी ते दादर या टप्प्यात डोळे मिटून आठवून पाहावे, जिथे अडेल ते उतरल्यावर पाहावे. महाविद्यालयातून कन्सेशनचा फॉर्म घेऊन शक्यतो त्रैमासिक पास काढावा. दर महिन्याची रांग वाचते. घरी टेबलाला जागा नसेल, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाचजण असतील तर ती नसतेच, तर अभ्यासाची जागा बाहेर शोधावी: महाविद्यालयाचे वाचनालय बंद होईपर्यंत थांबणे, महापालिकेच्या अभ्यासिका, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची दादरची वास्तू, काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय. सभासदत्वाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, ते जाऊन विचारावेत.

अभ्यास: मराठीतून इंग्रजीत येताना

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात वाटते की आपल्याला विषयच समजत नाही. बहुतेक वेळा विषय समजण्याजोगा असतो आणि अडलेली असते भाषा, आणि या दोन दुखण्यांची औषधे वेगळी असल्याने ती वेगळी ओळखावी लागतात. अर्थशास्त्रातली मागणीची किंमत-लवचीकता घ्या, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते याचे माप. पुस्तकातली इंग्रजी व्याख्या चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नसेल, तर ती बाजूला ठेवून स्थानकाबाहेरची वडापावची गाडी डोळ्यांसमोर आणावी. वडापाव १५ रुपयांचा २० रुपये झाला, म्हणजे किंमत सुमारे ३३ टक्क्यांनी वाढली. रोज ३०० खपत होते ते २४० वर आले, म्हणजे मागणी २० टक्क्यांनी घटली. २० भागिले ३३ म्हणजे साधारण ०.६; हा आकडा एकाहून कमी आला, म्हणजे महागला तरी लोक वडापाव फारसा सोडत नाहीत. एवढे मराठीत, आपल्या शब्दांत, वहीच्या डाव्या पानावर लिहावे. मग उजव्या पानावर पुस्तकातली व्याख्या उतरवून तिच्यातल्या प्रत्येक पारिभाषिक शब्दाखाली डाव्या पानावरचा आपला शब्द लिहावा. पहिल्या प्रकरणाला यात दोन तास जातील, पाचव्याला अर्धा तास पुरेल, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा येत राहतात. कला आणि वाणिज्य शाखेच्या अनेक विषयांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा असते. तुमच्या विषयाला ती आहे का, हे परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि मग माध्यम ठरवून त्यावर ठाम राहावे. अर्धे उत्तर इंग्रजीत आणि अर्धे मराठीत लिहिलेले पेपर मी तपासले आहेत. लिहिणाऱ्याची फरफट त्यांत ओळीओळीला दिसते.

दुसरी गोष्ट वाचण्याच्या सवयीची. तेच पान पाच वेळा वाचून रंगीत पेनाने रेघा मारण्याने आपल्याला येते असा भास होतो, आणि परीक्षेत तो उतरतो. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने पुस्तक मिटून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तेव्हा प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, आणि मग पुस्तक उघडून काय राहिले ते दुसऱ्या रंगात भरावे. गेल्या काही सत्रांचे प्रश्नसंच वाचनालयात मिळतात, ते दिवाळीच्या सुट्टीची वाट न पाहता पहिल्या प्रकरणापासून सोडवायला घ्यावेत.

हजेरी आणि अंतर्गत गुण

येथे फार बोलण्यासारखे नाही. मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार ७५ टक्के हजेरी लागते आणि ती कमी पडली की फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागते. आजारपण, घरातला मृत्यू, पुराने अडकणे अशी कारणे असतील तर अर्ज आणि पुरावा त्याच आठवड्यात द्यावा. सत्राच्या शेवटी आणलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्राकडे कोणीही संशयानेच पाहतो. अंतर्गत चाचणी, प्रकल्प आणि सबमिशन यांचे गुण सर्वांत सहज मिळणारे असतात आणि सर्वांत निष्काळजीपणे घालवले जातात.

ज्यांना तोंडाने सांगणे जड जाते त्यांनी मेंटॉर शिक्षकांना लिहून पाठवावे. चार वाक्ये पुरतात: 'महोदया, मी प्रथम वर्ष वाणिज्य, तुकडी ब, अनुक्रमांक ११२ चा विद्यार्थी आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे गेल्या तीन आठवड्यांत माझ्या अकरा तासिका आणि एक अंतर्गत चाचणी बुडाली आहे; रुग्णालयाचे कागद माझ्याजवळ आहेत. चाचणी पुन्हा देता येईल का आणि अर्ज कोणाकडे द्यावा, हे कृपया सांगावे. उद्या अकरानंतर मी स्टाफरूमबाहेर येऊ शकतो.' यात क्षमायाचना नाही, लांबलचक पार्श्वभूमी नाही. कोण, काय झाले, काय हवे आणि कधी भेटू, एवढेच आहे. असा मजकूर वाचणाऱ्याला लगेच काही करता येते. 'सर, मला खूप प्रॉब्लेम आहे' या निरोपाला उत्तर देताना आधी चार प्रश्न विचारावे लागतात आणि तेवढ्यात विद्यार्थी पुन्हा गप्प होतो.

केटी लागल्यावर

मुंबईत अनुत्तीर्ण होण्याला 'केटी लागली' म्हणतात. एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढच्या सत्रात बसण्याची परवानगी. ही शिक्षा नाही, ही सवलत आहे, आणि पहिल्या सत्रात ती घेणारे तुम्ही वर्गात एकटे नसता.

माझी स्वतःची केटी अकाउंट्सची होती. संगमेश्वर तालुक्यातून आलो होतो, डिलाईल रोडच्या चाळीत मामाकडे राहत होतो, आणि निकाल फलकावर लागला त्या दिवशी जिन्यात उभे राहून तो तीन वेळा पाहिला होता. घरी सांगितले नाही. मामालाही नाही. तीन आठवड्यांनी वडील तांदूळ आणि कुळथाचे पीठ घेऊन एसटीने परळला उतरले आणि डेपोच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना त्यांनी विचारले, 'निकाल लागला का रे?' मी 'अजून नाही' म्हटले. त्या वेळेपर्यंत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची मुदत संपलेली होती आणि पुनर्परीक्षेच्या अर्जाची मुदत चार दिवसांवर होती, हे मला ठाऊकच नव्हते, कारण लाजेपोटी मी त्या फलकाच्या बाजूने जाणेच सोडले होते. पुढे विलंबशुल्क भरायला पैसे लागले तेव्हा फोनवर सांगावेच लागले. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारले, 'मग पेपर पुन्हा कधी आहे?' ज्या बोलण्याला मी महिनाभर घाबरलो होतो ते एवढेच होते. प्रत्येक घर असे नसते, हे मला शिक्षक झाल्यावर कळले आहे. तरी तारखा कोणत्याच घरासाठी थांबत नाहीत.

तेव्हा निकालाच्या दिवसापासून क्रमाने असे करावे. त्याच दिवशी गुणपत्रिका नीट वाचावी: नापास अंतर्गत परीक्षेत आहात, सत्रान्त परीक्षेत आहात, की अनुपस्थित अशी चुकीची नोंद झाली आहे? तिन्हींचे उपाय वेगळे असतात. हजर असूनही अनुपस्थित दाखवले असेल तर हॉल तिकीट, बैठक क्रमांक आणि त्या दिवशीच्या पर्यवेक्षकांची सही घेऊन लगेच परीक्षा विभागात जावे. गुण अपेक्षेपेक्षा फार कमी वाटत असतील तर पुनर्मूल्यांकनावर पैसे घालण्यापूर्वी छायाप्रत मागवावी आणि विषयशिक्षकांसमोर बसून ती पाहावी. तपासायचे राहिलेले उत्तर किंवा बेरजेतली चूक तेथे दिसते, आणि तशी काही चूक नसेल तर आपण कोठे कमी पडलो ते तरी दिसते. पारंपरिक अभ्यासक्रमांत पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा बहुधा महाविद्यालयच घेते, त्यामुळे हे अर्जही तेथेच करायचे असतात. मुदत परिपत्रकात दिलेली असते आणि ती मोजक्या दिवसांची असते. मग केटीच्या परीक्षेचा अर्ज. दुसऱ्या वर्षात किती विषय घेऊन जाता येते आणि तिसऱ्या वर्षात शिरताना पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटलेले असावे लागतात का, हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या नियमांत लेखी वाचावे, कट्ट्यावरच्या माहितीवर विसंबू नये.

अन्याय झाला आहे आणि कोणी दाद देत नाही असे वाटले, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो १५ कार्यदिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येते. तक्रार लेखी द्यावी आणि पोचेवर तारखेसह सही-शिक्का घ्यावा.

पैशांची ओढाताण

शुल्काची अडचण असेल तर महाडीबीटी हे राज्य शासनाचे शिष्यवृत्तीचे पोर्टल उघडण्याला पर्याय नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अशा अनेक योजना तेथे एकत्र आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबईसाठी त्यांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि तरीही या मुलींचे पालक उसनवारी करताना मी पाहिले आहेत, कारण प्रवेशाच्या रांगेत हे कोणी सांगत नाही.

अर्ज भरला म्हणजे काम झाले, असा समज मात्र घातक ठरतो. अर्ज आधी महाविद्यालयाच्या पातळीवर तपासला जातो, त्रुटी असेल तर परत येतो, आणि ही बाब पोर्टलवर आपण आत शिरून पाहिल्याखेरीज अनेकदा कळत नाही; दर सोमवारी एकदा पाहण्याची सवय लावावी. खाते आधारशी जोडलेले असणे आणि त्यावर थेट लाभ हस्तांतरण (डीबीटी), म्हणजे शासनाचे पैसे थेट खात्यात येण्याची सोय, सुरू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या बाबीअभावी अडकते. बँकेत जाऊन दोन्हींबद्दल स्पष्ट विचारावे. नूतनीकरण दरवर्षी करायचे असते. पोर्टलचे पैसे येईपर्यंत शुल्काचे हप्ते पाडून मिळावेत, असा अर्ज प्राचार्यांकडे करता येतो, आणि तो सत्राच्या सुरुवातीला आला तर त्यावर विचार करणे त्यांनाही सोपे जाते. 'कमवा व शिका' योजनेत वाचनालयात किंवा कार्यालयात तासिकेवर काम मिळते का, तेही विचारावे. बाहेर रात्रपाळीची नोकरी धरणाऱ्यांनी आधी वरच्या आठवड्याच्या नोंदीत ते तास बसवून पाहावेत. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नये. त्यातून आलेल्या धमक्यांचे फोन ऐकत वर्गाबाहेर उभी राहिलेली मुले मी पाहिली आहेत.

खोली, घर आणि माणसे

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने, जागा घेताना अनामत रकमेची पावती आणि लेखी करार घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार जागेचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. पहिल्या महिन्यात जेवणाची सोय लावून टाकावी, मग ती खानावळ असो की पोळीभाजी केंद्र. वडापाव आणि कटिंगवर सत्र काढणाऱ्यांची चिडचिड अर्धी पोटातूनच आलेली असते. घरून ये-जा करणाऱ्यांची अडचण वेगळी: त्यांना एकांत नसतो. पाणी भरणे, धाकट्यांचा अभ्यास, आजीचे दवाखाने यांत 'तू तर घरीच असतोस' हे वाक्य त्यांना रोज ऐकावे लागते. अशा घरात परीक्षेच्या वेळापत्रकाची झेरॉक्स देव्हाऱ्याशेजारी लावून, कोणत्या संध्याकाळी आपण वाचनालयात असणार हे आधी सांगून ठेवल्याने भांडणे कमी होतात, असा अनेक मुलींचा अनुभव आहे.

रॅगिंग झाल्यास सहन करून ओळख वाढवण्याच्या फंदात पडू नये. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे फलकावर असतात.

मन थाऱ्यावर नसेल तेव्हा

पेपर वाईट गेल्यावर चार दिवस वाईट वाटणे, गावाची आठवण येणे, एकदा रडू येणे, हे आपोआप ओसरते. लक्ष द्यायचे ते पुढील गोष्टींकडे: दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नाही किंवा उठवत नाही, जेवण नकोसे झाले आहे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही, गाडीत किंवा वर्गात अचानक छाती धडधडून श्वास कोंडतो, दारू किंवा अन्य नशेची गरज भासू लागली आहे. यांपैकी काही जाणवत असेल तर समुपदेशकांची वेळ घ्यावी, आणि महाविद्यालयात ती सोय नसेल किंवा तेथे जायचा संकोच वाटत असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस या शासकीय मदतवाहिनीला फोन करावा. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, निःशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते.

रुग्णालयात जावे लागले तर काय होते, याची भीती जास्त असते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, सायन, भायखळ्याचे जेजे, विलेपार्ल्याचे कूपर, या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन इतर रुग्णांसारखाच केसपेपर काढायचा. शुल्क नाममात्र असते. रांग मोठी असते, बाकावर शेजारी कोणी शाळकरी मुलाला घेऊन आलेली आई असते, कोणी गणवेशातला सुरक्षारक्षक असतो, आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. आत डॉक्टर झोप, भूक, अभ्यास, घर यांबद्दल विचारतात. उत्तरे सुचणार नाहीत असे वाटत असेल तर ती आदल्या रात्री कागदावर लिहून न्यावीत आणि तो कागद पुढे करावा. गोळ्या दिल्याच जातील असे नाही. दिल्या तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणूनही स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुम्ही उपचार घेत आहात हे महाविद्यालयाला आपसूक कळवले जात नाही.

जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर पुढची पायरी शोधत बसण्याची ती वेळ नव्हे. त्या क्षणी एकटे राहू नये. खोलीतल्या सोबत्याला, शेजाऱ्यांना, कोणालाही 'मला एकटे सोडू नका' एवढे सांगावे, १४४१६ किंवा ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा, आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सरळ जावे, तेथे रात्रीही डॉक्टर असतात. मित्राने असे काही तुम्हाला सांगितले आणि 'कोणाला सांगू नकोस' असे वचन मागितले, तर ते वचन देऊ नये. त्याच्याजवळ बसावे आणि घरच्यांपैकी किंवा शिक्षकांपैकी एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी कळवावे. मैत्री काही दिवस दुरावली तरी चालेल.

शिक्षण थांबवावे असे वाटू लागल्यास

कधी कधी थांबणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो, विशेषतः आजारपणात किंवा घराची जबाबदारी अचानक अंगावर आल्यास. नव्या रचनेत पहिले वर्ष पूर्ण करून ४० ते ४४ क्रेडिट आणि बाहेर पडताना नेमून दिलेला व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर तशाच अटींवर पदविका घेऊन थांबता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करता येते. म्हणून फेब्रुवारीत नुसते येणे बंद करू नये. दुसऱ्या सत्राची परीक्षा देण्याइतके बळ असेल तर ती देऊन थांबावे. नसेल तर आपण का थांबत आहोत याचा लेखी अर्ज द्यावा. जाण्यापूर्वी मेंटॉर शिक्षकांना एकदा भेटावे, वाचनालयाची पुस्तके परत करून ना-देय दाखला घ्यावा, अनामत रकमेचा अर्ज करावा, आणि घरी परतण्याची गाडी पकडण्याआधी एबीसीच्या खात्यात आपले क्रेडिट जमा दिसत आहेत का, हे परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभे राहूनच पाहून घ्यावे.